झाड क्रमांक सात

कवळीवाल्यांचा धंदा दात बनवण्याचा. दवाखान्यांतून तोंडाचे साचे यायचे आणि तिसऱ्या मजल्यावरच्या घराच्या पुढच्या खोलीत बसून ते त्यावरून कवळ्या घडवायचे, घासायचे, चकचकीत करायचे. दिवसभर समोर दातांच्या रांगा हसतायत आणि मागे माणूस नाही. अशा कामात डोकं रिकामं राहतं. त्यांच्या रिकाम्या डोक्यात एक अख्खं शहर शिरलं.

शहर खेळाचं होतं. टेबलाभोवती चार-पाच जणांनी बसून खेळायचा खेळ. एकजण गोष्ट चालवतो, बाकीचे त्यातली माणसं होतात, कोणी पहारेकरी, कोणी चेटकीण, कोणी भामटा, आणि पुढे काय होणार हे अडलं की फासे टाकायचे. कवळीवाल्यांनी कितीतरी वर्षं खपून नदीकाठचं ते शहर उभं केलं होतं. त्याला वेशी होत्या, भुयारं होती, राक्षसांच्या जाती होत्या, जकातीचे दर होते, नगरसभा होती. खेळायला तेवढं कोणी नव्हतं. त्यांची बायको ड्रायव्हिंग शिकवायची. ती एकदाच खेळायला बसली. पहिल्याच पुलावर राक्षस आडवा आला, तसा तिचा पाय सवयीने टेबलाखाली नसलेल्या ब्रेकवर गेला, टेबल उलटलं आणि खेळ तिथेच संपला.

शेवटी तीच एकदा म्हणाली, "अरे, हे सगळं कुलपात ठेवून तू वाचवतोयस कोणापासून? चोर तरी यायला हवा ना!"

"कोणी ढापलं तर?"

"ढापणारा निदान वाचेल तरी."

हे त्यांना लागलं आणि पटलंही. त्यांनी सगळं शहर इंटरनेटवर टाकलं आणि पहिल्या पानावर खुला परवाना जोडला. हा मजकूर कोणीही वापरावा, छापावा, बदलावा, विकला तरी चालेल. अटी दोनच. मूळ लिहिणाऱ्याचं नाव द्यायचं, आणि काही बदललंत तर तेही पुढच्यांसाठी असंच मोकळं ठेवायचं. शेवटी एक वाक्य होतं: ही परवानगी एकदा दिली की परत घेता येणार नाही. ते लिहिताना त्यांचा ऊर भरून आला. परत कशाला घेईन मी, असं त्यांना वाटलं.

पुढे कित्येक महिने तिकडे कोणी फिरकलं नाही.

इकडे बिल्डिंगमध्ये वेगळंच त्रांगडं झालं होतं. बिल्डिंगची नियमावली शेजारच्या बिल्डिंगवरून उतरवून काढलेली होती, आणि ती इतकी इमानदारीने की जागोजागी शेजाऱ्यांचंच नाव राहून गेलं होतं. शेजाऱ्यांना हे कळल्यावर त्यांनी नोटीस धाडली, की मजकूर आमचा आहे, तरी आपण हे नियम पाळणं ताबडतोब थांबवावं. बिल्डिंगने थांबवलं. लोकांनी जिन्यात कपाटं आणून ठेवली, गच्चीत कोणी गाद्या टाकल्या, आणि बंद पडलेली लिफ्ट कोणी दुरुस्त करायची यावर एकामागून एक सभा उधळल्या.

सेक्रेटरींचं दिव्यांचं दुकान होतं. गिऱ्हाईक नसेल तेव्हा ते दुकानात बसून फुकटात वापरता येतील असे नियम शोधायचे. शोधता शोधता त्यांना कवळीवाल्यांचं 'नगरसभेचे नियम' हे प्रकरण सापडलं. त्याच्या अलीकडे काय आहे आणि पलीकडे काय आहे, हे त्यांनी पाहिलं नाही. छापून काढलं आणि थेट सभेत आणलं.

अध्यक्षबाई वजनमापे खात्यातून निवृत्त झालेल्या. त्यांनी चष्मा लावून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. सभेने तोवर चहा घेतला.

"मजकूर नेमका आहे," बाई म्हणाल्या. "सभा कशी बोलवायची, मतं कशी मोजायची, तंटा कसा तोडायचा, सगळं आहे. राक्षसांचा उल्लेख मात्र जरा जास्त वाटतो."

"गाळून टाकू या ना," कोणीतरी म्हणालं.

"गाळलं म्हणजे बदललं. बदललं की ते मोकळं ठेवायचं, असं पहिल्याच पानावर लिहिलंय. म्हणजे आपण इथे घाम गाळून राक्षस काढायचे आणि शेजारच्यांनी ते आयते उचलायचे."

मग एकमताने ठरलं, की एक अक्षरही बदलायचं नाही.

कवळीवाले मागच्या रांगेत बसले होते. आपलं लिहिलेलं माणसांनी वाचलं, मोठ्याने वाचलं, आणि त्यावर वाद घातला. हा खेळ आहे हो, एवढंच म्हणायला ते उठले होते. पण तोंडातून निघालं ते वेगळंच.

"याला वीस बाजूंचा फासा लागतो."

"तो कुठे मिळतो?" बाईंनी विचारलं.

"माझ्याकडे आहे."

बाईंनी फासा हातावर तोलला, घरून आणलेल्या तराजूत घालून पाहिला आणि योग्य असल्याचा शेरा मारला.

आणि बिल्डिंग चालायला लागली की! लिफ्टचं एका फाशात मिटलं. पार्किंगसाठी भांडणारे दोघे सख्खे साडू नियमाप्रमाणे द्वंद्वाला उभे राहिले. द्वंद्व म्हणजे दोघांनी फासे टाकायचे, हरणाऱ्याने जिंकणाऱ्याला वाकून नमस्कार करायचा आणि आठवडाभर त्याच्याविषयी चांगलं बोलायचं. आठवडा संपेपर्यंत त्यांना भांडण कशावरून होतं ते आठवेना. वॉचमनला नियमावलीत द्वारपाल म्हटलं होतं, तर तो येणाऱ्या प्रत्येकाला "कोण आहे तिकडे?" असं खड्या आवाजात विचारायला लागला. पाचव्या मजल्यावरच्या कुत्र्याची श्वापद म्हणून नोंद झाली आणि त्याला धैर्याचे गुण मिळाले, ते त्याच्या मालकापेक्षा जास्त निघाले. मालकाने अपील केलं. ते फेटाळलं गेलं.

फक्त एक अडचण होती. अट म्हणजे अट, म्हणून सेक्रेटरी प्रत्येक नोटिशीखाली नाव घालायचे. 'उद्या पाणी येणार नाही. मूळ रचना: कवळीवाले, तिसरा मजला.' 'गच्चीवर कपडे वाळत घालू नयेत. मूळ रचना: कवळीवाले, तिसरा मजला.' लोक साबण लावलेल्या अंगाने तिसऱ्या मजल्यावर यायला लागले.

"काय हो, आमच्या पाण्यावर का उठलायत?"

"अहो, मी फक्त..."

"नाव तुमचंच आहे ना?"

त्यांनी सेक्रेटरींना गाठलं आणि नाव काढायला सांगितलं. लेखकाने विनंती केली तर नाव काढावं, अशी तरतूद परवान्याच्या बारीक अक्षरांत होतीच. सेक्रेटरींनी ती तंतोतंत पाळली. पुढच्या नोटिशीखाली लिहून आलं: 'मूळ लेखकाने विनंती केल्यावरून त्यांचं नाव दिलेलं नाही. तिसरा मजला.'

बायको हसून हसून दमली. "आता घर बदलायचं की मजला?"

हे सगळं कवळीवाल्यांनी पचवलं असतं. खरं सांगायचं तर त्यांना आतून बरंही वाटत होतं. पण मग स्टँडवाल्या काकांचं प्रकरण झालं.

काका तळमजल्यावर एकटे राहायचे. सगळी नोकरी बसस्टँडवर अनाउन्समेंट करण्यात गेलेली. अमुक गावची गाडी तमुक फलाटावर लागलेली आहे, सामानाची काळजी घ्या, गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. बायको गेली होती, मुलगी दूरच्या शहरात. सकाळी मीटरच्या खोलीजवळ ऊन आलं की काका खुर्ची टाकून बसायचे ते ऊन सरेपर्यंत. प्रत्येक सभेला नियमाने यायचे, चहा-बिस्किट घ्यायचे, सगळ्यांकडे बघून मान डोलवायचे आणि निघून जायचे. बोलायचे मात्र कधीच नाहीत.

आणि नियमावलीत एक कलम होतं: 'जो सभासद लागोपाठ तीन सभांमध्ये एक शब्दही बोलणार नाही, त्याला मुळं फुटतील व त्याची गणना वृक्षांत होईल.'

कवळीवाल्यांनी ते लाजाळू खेळाडूंसाठी लिहिलं होतं. तिसऱ्या सभेला घाबरून तरी बोलतील, असा त्यांचा हिशेब. लाजाळू काय, कुठलाच खेळाडू त्यांना कधी भेटला नव्हता.

तिसऱ्या सभेनंतर बाईंनी इतिवृत्त तपासलं आणि काकांना झाड जाहीर केलं. आवारात आधीची सहा झाडं होती, म्हणून काकांना सातवा क्रमांक मिळाला. खुर्चीच्या पाठीला पत्र्याचा आकडा ठोकला गेला. खुर्चीभोवती विटांचं गोल आळं झालं. माळी रोज सकाळी आळ्यात पाणी सोडायचा. काका पाय वर घ्यायचे, हसायचे, पाणी जिरलं की पाय खाली सोडायचे. त्यांनी तक्रार केली नाही. झाडाने तक्रार केली असती तरी ती कोणत्या कलमाखाली घ्यायची, हा प्रश्नच होता.

कवळीवाले अस्वस्थ झाले. त्यांनी त्याच आठवड्यात ते कलम काढून टाकलं, दुसरी आवृत्ती तयार केली आणि बाईंकडे नेली.

"छान केलंत," बाई म्हणाल्या. "पण आम्ही पहिलीवर समाधानी आहोत."

"पण मी लिहिणारा आहे! मी ते कलम मागे घेतोय."

"परत घेता येणार नाही, हे कोणाचं वाक्य आहे?"

ते त्यांचंच होतं. कवळीवाले दुसरी आवृत्ती काखेत मारून जिना चढून गेले.

दरम्यान झाडाकडे लोक जायला लागले होते. आधी मुलांच्या आया सावलीच्या सवयीने टेकायच्या, मग मोठी माणसंही. झाडापाशी बोलायला काय हरकत आहे? दुसऱ्या मजल्यावरची शिवणकाम करणारी बाई रोज दुपारी आळ्याच्या विटेवर बसून हळू आवाजात काहीतरी सांगायची आणि डोळे पुसून उठायची. साडूंपैकी धाकटा साडू तर पार घसा बसेपर्यंत बोलायचा. सेक्रेटरी दुकान उघडायच्या आधी पाच मिनिटं टेकून जायचे. काका प्रत्येकाकडे बघून मायेने मान डोलवायचे. माणसं हलकी होऊन कामाला लागायची. एकदा कवळीवाल्यांच्या बायकोनेही क्लासला जाताना गाडी थांबवली आणि खिडकीतून बराच वेळ बोलली. काय बोलली ते तिने घरी सांगितलं नाही.

एका सकाळी काकांची मुलगी बॅग घेऊन फाटकाशी आली. तिने येणार असल्याचं कळवलं नव्हतं.

"कोण आहे तिकडे?" वॉचमन गरजला.

ती दचकली. "तळमजल्यावर. वडिलांकडे आलेय."

"तळमजल्यावर कोणी वडील नाहीत."

"अहो, बसस्टँडवर होते ते. उंच, पांढरे केस."

"ते होय!" वॉचमन एकदम मऊ झाला. "ते झाड आहेत. डावीकडे, सात नंबर."

मुलीने डावीकडे पाहिलं. वडील आळ्यात बसलेले, पाय वर घेतलेले, आणि माळी नळी धरून उभा. तिने बॅग तिथेच सोडली. वडिलांनी तिला पाहून दोन्ही हात पसरले, म्हणाले, "आलीस? बस. ऊन छान आहे." बाकी तिने जे जे विचारलं त्यावर ते नुसते हसले. मग तिने बोर्डावरच्या नोटिसा पहिल्यापासून वाचून काढल्या आणि तिसरा मजला गाठला.

दार बायकोने उघडलं. मुलगी सरळ पुढच्या खोलीत शिरली. चारी बाजूंनी दात बघून क्षणभर थबकली, मग कवळीवाल्यांकडे वळली.

"माझ्या बाबांना झाड तुम्ही केलंत?"

"मी नाही हो, ताई. म्हणजे... कलम माझं. पण तो खेळ होता."

"खेळ?"

त्यांनी सगळं सांगितलं. शहर, फासे, खुला परवाना, बाई, शेजारची बिल्डिंग. ती ऐकत असताना टेबलावरची एक कवळी उघडमीट करत होती. ऐकून झाल्यावर तिने ती टक्कन बंद केली.

"म्हणजे तुमचं लिहिलेलं तुम्हालाच बदलता येत नाही?"

"मला येतं. त्यांनी घ्यायला हवं ना."

"आणि दुसरं कोणी बदललं तर?"

"कोणीही बदलू शकतं. तीच तर परवानगी आहे."

"मी बिल्डिंगमध्ये राहत नाही."

"परवान्यात बिल्डिंग नाहीये कुठे," कवळीवाले म्हणाले, आणि म्हणता म्हणता त्यांचा चेहरा उजळला. "राक्षसाने बदललं तरी चालेल!"

बायकोने टेबलावरचे दात बाजूला सारले, चहा ठेवला. मुलगी एका शाळेत भूगोल शिकवायची, लिहायचा तिला सराव होता. संध्याकाळपर्यंत तिने एक जोडप्रकरण लिहून काढलं: 'झाडांच्या नातेवाइकांचे हक्क.' कवळीवाले शेजारी बसून नुसते बघत होते. त्यांच्या शहरात पहिल्यांदाच दुसरं कोणीतरी चालत होतं. एकदा ते म्हणाले, "हे कलम जरा..." तशी बायकोने त्यांच्या पायावर पाय दिला, अगदी ब्रेकवर द्यावा तसा.

रविवारी सभा भरली. काका नेहमीच्या जागी, हातात बिस्किट. मुलीने आपले कागद अध्यक्षबाईंपुढे ठेवले.

"बाहेरच्या व्यक्तीचं का म्हणून ऐकायचं?" सेक्रेटरींनी विचारलं.

बाईंनी पानं उलटली. "मूळ रचनेचा उल्लेख आहे. परवाना तोच आहे. जुनं एक अक्षरही बदललेलं नाही, नुसती भर आहे. ऐकावं लागेल. काय म्हणणं आहे?"

"झाडाच्या जवळच्या नातेवाइकाला सभेसमोर झाडाला प्रश्न विचारता येईल. फासा दहाच्या वर पडला तर झाडाने उत्तर द्यायचं."

फासा आला. बाईंनी तो पुन्हा तोलला. मुलीने टाकला. तीन पडले.

"झाड उत्तर देणार नाही," बाई म्हणाल्या. आवाजात थोडं वाईट वाटल्यासारखं होतं.

"पुन्हा टाकते."

"पुन्हा टाकायची तरतूद तुम्ही केलेली नाही."

मुलीचा संयम सुटला. ती तरातरा वडिलांसमोर जाऊन उभी राहिली. "बाबा, तुम्हीच सांगा. तुम्ही झाड आहात का?"

काकांनी तिच्याकडे प्रेमाने बघून मान डोलवली.

सभेत कुजबुज झाली. सेक्रेटरींनी इतिवृत्तात लिहायला घेतलं: झाडाने होकार...

"थांबा," मुलगी म्हणाली. वडिलांच्या डोळ्यांत तिला काहीतरी दिसलं होतं. ते तिच्याकडे बघत होते, पण थांबून, पुढे काय येतंय याची वाट बघत, परक्या देशात माणूस बघतो तसे. ती त्यांच्या खुर्चीमागे गेली. आणि त्यांच्या पाठीमागून, चांगल्या चढ्या आवाजात म्हणाली, "बाबा, तुमच्या घराला आग लागली आहे."

चार माणसं दाराकडे धावली. काकांनी बिस्किट चहात बुडवलं.

"बाबा, मी नोकरी सोडली. मी उद्यापासून सर्कशीत जाणार."

काकांनी बिस्किट खाल्लं.

मुलगी तिथेच, खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली. दर रविवारी ठरल्या वेळी ती फोन करायची. बाबा उचलून एका दमात बोलायचे, मी बरा आहे, जेवण झालेलं आहे, औषधं घेतलेली आहेत, सर्वांना नमस्कार, आणि ठेवून द्यायचे. तिला वाटायचं, नोकरीची सवय. ती मैत्रिणींना नक्कल करून दाखवायची, आणि मैत्रिणी पोट धरून हसायच्या.

तिने नोटिशीच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मोठ्या अक्षरांत लिहिलं: तुम्हाला ऐकू येत नाही का? आणि कागद त्यांच्यापुढे धरला.

काकांनी खिशातून चष्मा काढला. वाचलं. कप खाली ठेवला. मग उभे राहिले, शर्ट नीट केला, आणि त्या बिल्डिंगने कधीच न ऐकलेल्या आवाजात, सगळ्या भिंती भरून टाकत म्हणाले:

"सर्व सभासदांनी कृपया लक्ष द्यावं. मला गेली काही वर्षं ऐकू येत नाही. आधी डावा कान गेला, नंतर उजवा. सांगायला लाज वाटली. होणाऱ्या गैरसोयीबद्दल मी दिलगीर आहे."

आणि खाली बसले.

मग दुसऱ्या मजल्यावरची शिवणकामवाली बाई बारीक आवाजात म्हणाली, "म्हणजे मी जे जे सांगितलं..." धाकट्या साडूने डोकं हातांत धरलं. तो सुटल्यासारखा दिसत होता की लुटला गेल्यासारखा, सांगणं कठीण. सेक्रेटरी इतिवृत्ताकडे बघत राहिले.

मुलीने पुन्हा कागदावर लिहिलं: मग हा सात नंबर, या विटा, तुम्हाला काय वाटलं?

"खुर्चीला पार्किंग मिळालं, असं वाटलं," काका म्हणाले. "मी अर्ज केला नव्हता. पण देतायत तर नाही कशाला म्हणा."

अध्यक्षबाई घाईघाईने नियमावली चाळत होत्या. "झाड बोललं तर काय करायचं, याची तरतूद नाही," त्या म्हणाल्या. पहिल्यांदाच त्यांचा आवाज डळमळत होता. त्यांनी मागच्या रांगेकडे पाहिलं. "अहो, कवळीवाले! काहीतरी लिहा."

कवळीवाल्यांनी मुलीकडे बोट केलं. मुलीने तिथल्या तिथे एक ओळ लिहिली: 'जे झाड सभेत बोलेल, ते कधीच झाड नव्हतं असं समजावं.' फासा न टाकता, हात वर करून, ते मंजूर झालं. शेजारच्या बिल्डिंगचा विषय कोणी काढला नाही.

मुलीने रजा वाढवली आणि वडिलांना कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. यंत्र मिळालं, पण त्याचा कानात बसणारा साचा नीट बसेना. काकांनी मान वळवली की यंत्र शिट्टी घालायचं आणि वॉचमन धावत यायचा. डॉक्टर म्हणाले, नव्या साच्याला वेळ लागेल. कवळीवाल्यांनी डॉक्टरांना विचारूनच तो जुना साचा दोन दिवस कवळीची हिरडी घासतात तसा घासला, कडा उतरवल्या, चकचकीत केला. शिट्टी थांबली. बिलाचा विषय निघाला तेव्हा ते म्हणाले, "मीच तर लावलं होतं ना झाड!"

काकांना ऐकू आलं त्या दिवशी ते बिल्डिंगभर हिंडले. लिफ्टचा आवाज ऐकला, पाचव्या मजल्यावरचं श्वापद ऐकलं, शिवणयंत्र ऐकलं. मुलीला म्हणाले, "तू अशी बोलतेस होय! विसरलोच होतो. मला वाटायचं, आईसारखी बोलतेस." मुलगी परत गेली, पण आता रविवारचा फोन लांबायला लागला. मधेमधे ते तिला थांबवून विचारायचे, "काय म्हणालीस? पुन्हा सांग," आणि ती न चिडता पुन्हा सांगायची.

पण आवारात मात्र खुर्चीजवळ आता कोणी थांबेना. विटा काढल्या होत्या, आकडा काढला होता. शिवणकामवाली बाई लांबून हात करून जिना चढायची. धाकटा साडू दुसऱ्या फाटकाने जायला लागला. ऐकणाऱ्या माणसाला सांगायचं म्हणजे जरा विचार करावा लागतो.

एका दुपारी कवळ्यांचं काम लवकर संपलं. कवळीवाल्यांनी खिडकीतून खाली पाहिलं. काका एकटेच बसलेले, मान कुठे डोलवावी ते न कळून इकडेतिकडे बघत. कवळीवाले खाली आले आणि शेजारच्या कठड्यावर टेकले. सांगण्यासारखं त्यांच्याकडे काही नव्हतं. म्हणून शहराबद्दल बोलू लागले. नदी, वेशी, भुयारं. काकांनी यंत्राचं बटण फिरवून आवाज वाढवला.

"त्या उत्तरेच्या वेशीवर रात्री कोणी नसतं," कवळीवाले सांगत होते. "कारण तिथे एक राक्षस बसतो, त्याला डोळे नाहीत."

"मग लोक शहरात येतात कसे?"

"कसे म्हणजे? चालत."

"लांबच्या गावचे?"

"चालतच."

"म्हातारी माणसं? लेकुरवाळ्या बायका?" काकांचा आवाज चढला. "बोचकी घेऊन? एवढं मोठं शहर आणि बसस्टँड नाही?"

एवढ्या वर्षांत जकातीचे दर कवळीवाल्यांनी तीनदा बदलले होते, पण हे त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं.

"तुम्ही घाला," ते म्हणाले.

"मी? शहर तुमचं आहे."

"परवानगी आहे, काका. कोणीही घालू शकतं."

काकांनी थोडा विचार केला. खुर्ची जराशी पुढे ओढली, पायाने जमिनीवर एक चौकोन आखला. "हा स्टँड. वेशीच्या आत घेऊ, राक्षसाचा त्रास नको. फलाट किती?"

"किती हवेत?"

"सहा तरी लागतील. चौकशीची खिडकी इथे. आणि माइकची खोली वर, म्हणजे सगळं दिसतं." मग त्यांनी घसा साफ केला. "पहिली गाडी कुठून येते?"

"भुयारापलीकडून," कवळीवाले घाईने म्हणाले आणि खिशात फासा चाचपू लागले. "पण ती वेळेवर येईल की नाही, ते बघावं लागेल."

"बघा," काका म्हणाले. "लोक खोळंबलेत."